मुमताजच्या मरणातलं गाणं : झाडीपट्टीतल्या एका ऐतिहासिक नाटकाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिथून सुरू झालेला नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडायचा आणि उजाडताना पडायचा, ही इथली रीत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचं मुख्य ठिकाण, कंपन्यांचं बुकिंग तिथेच होतं. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली त्या दिवशी मला इतके फोन आले, जणू माझ्याच घरी कार्य होतं.

ज्या गावाबद्दल लिहितो आहे ते वैनगंगेच्या खोऱ्यातलं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. या गावात पूर्वी शंकरपट भरायचा आणि पटाच्या रात्री गावकऱ्यांचं स्वतःचं नाटक व्हायचं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. पट गेला तसे पाहुणे येईनासे झाले, तिकीट खपेना आणि नाटकही बसलं. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातल्या शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. पुढच्या हंगामात मंडळाने पट भरवायचं ठरवलं आणि त्याच बैठकीत एक म्हातारे काकाजी उभे राहून म्हणाले, पट आपला तर नाटकही आपलंच, कंपनीचं नको.

नाटक कोणतं, हा प्रश्नच नव्हता. गावातल्याच एका शेतकऱ्याने चाळीसेक वर्षांपूर्वी शहाजहान बादशहाच्या प्रेमावर पाच अंकी नाटक लिहिलं होतं. लेखक आता नाही. त्याचा मुलगा मंडळाचा खजिनदार आहे आणि ती वही त्याने कापराच्या वड्या घालून लोखंडी पेटीत जपली होती. मी शेजारच्या गावात शिक्षक. वही वाचून संहिता नीट करायचं काम माझ्याकडे आलं, आणि प्रयोगाला प्रॉम्प्टरही मीच.

अडचण

वहीतलं नाटक वाचायला गोड होतं. पहिल्या अंकात मीना बाजारात शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, काचेचा खडा हिरा समजून विकत घेतो आणि विकणारीवर जीव टाकतो. दुसऱ्या अंकात लग्न. तिसऱ्यात एक सवत येते, ती विष कालवते. चौथ्यात मुमताज मरते, मरताना एक लांब गाणं म्हणते आणि बादशहा ताजमहालाचं वचन देतो. पाचव्यात ताजमहाल उभा राहतो आणि कारागिरांचे हात तोडले जातात.

यातलं बरंचसं घडलेलंच नाही. खुर्रम आणि अर्जुमंद बानू, म्हणजे मुमताज, यांचं लग्न १६०७ मध्ये ठरलं आणि झालं १६१२ मध्ये. मधल्या पाच वर्षांत, १६१० मध्ये, त्याचं दुसऱ्याच मुलीशी लग्न लावून दिलं गेलं, ती कंदहारी बेगम. १६१७ मध्ये तिसरं लग्न झालं ते इज्ज-उन-निसाशी. दोहे लिहिणाऱ्या रहीमची, म्हणजे अब्दुर्रहीम खान-ए-खानानची, ती नात. ही लग्नं दरबारी सोयरिकी होत्या. विषाचा पेला वहीतच आहे, बाहेर कुठे नाही. हात तोडल्याची गोष्ट घरोघरी सांगतात, पण त्या काळाच्या कागदांत तिला आधार सापडत नाही.

तरीही खोटेपणा ही मुख्य अडचण नव्हती. लोकनाट्यात आख्यायिका चालते, चालावी. अडचण तीन बाजूंनी आली, आणि ती तालमीच्या पहिल्या दहा दिवसांतच.

आमच्या नटांत एक गोंड पोरगा होता, आवाज खणखणीत, बारावी झालेला. त्याच्याकडे बादशहाला पंखा घालणाऱ्या सेवकाचं काम होतं. एका रात्री त्याने पंखा खाली ठेवला. "याच बादशहाच्या सरदारानं आमच्या राजापासून खंडनी घेतली, अन् मी त्याले पंखा घालू?" पोराचं म्हणणं खरं होतं. १६३७ मध्ये शहाजहानचा सरदार खान-ए-दौरान देवगडच्या गोंड राज्यावर चालून आला होता, नागपूरच्या किल्ल्याला वेढा पडला होता आणि खंडणी वसूल झाली होती. त्याचं बोलणं ऐकून आणखी दोघातिघांनी विचारायला सुरुवात केली, मोगल बादशहाचं प्रेम आपण काहून गावं?

दुसरी बाजू पैशाची. बादशहाचं काम करणाऱ्या भाऊंचा ट्रॅक्टर आहे, हात सैल आहे. नागपूरहून ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे भाड्याचे कपडे, आणायची म्हणून ५,००० रुपयांचं डिपॉझिट त्यांनीच भरलं होतं. त्यांना बागेतला प्रवेश हवा होता, द्वंद्वगीत हवं होतं, आणि तिसऱ्या अंकात दरबारी नाच. तिकीट नाचावर खपतं, हे त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही.

तिसरी बाजू कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. तालीम समाज मंदिरात व्हायची आणि जेवणं आटोपून गावातल्या बाया दाराशी येऊन बसायच्या. त्यांत एक म्हातारी सुईण होती. दवाखान्याचा रस्ता होण्याआधी निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मुमताजचं काम करणाऱ्या कलावंत बाई नागपूरहून प्रयोगाच्या दिवशीच येणार होत्या, म्हणून गाण्याच्या जागी मी नुसत्या ओळी वाचत होतो. सहा कडवी. वाचून संपली तशी सुईण म्हणाली, "गुरुजी, बारंतीन अशी गानं म्हनत मरते का जी?"

कुणी हसलं नाही. दाराशी बसलेल्यांपैकी दोघी उठून घरी गेल्या. त्यांतल्या एकीची बहीण बाळंतपणात गेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात समाज मंदिरात दोन बैठका झाल्या. पहिला पर्याय होता नाटक सोडून वडशाच्या कंपनीचं एखादं कौटुंबिक नाटक घ्यायचा. भांडण मिटलं असतं, पण कंपन्यांच्या चांगल्या तारखा केव्हाच गेल्या होत्या आणि मंडपाचं ॲडव्हान्स दिलेलं होतं. दुसरा, बादशहा काढून शिवकाळावरचं काहीतरी उभं करायचा. पोरांना तो आवडला. मी विरोध केला, कारण पंधरा दिवसांत शिवचरित्र उभं करणं हा त्या विषयाचाच अपमान ठरला असता. तिसरा, वही आहे तशी करायची. खजिनदाराचं मन तिथे होतं, बापाच्या अक्षरावर काट मारणं त्याला जड जात होतं. चौथा, वहीचा गाभा ठेवून मुमताजचा मृत्यू आणि बादशहाचं आपल्या मुलखाशी असलेलं नातं खरेपणाने मांडायचा.

मी चौथ्याच्या बाजूने बोललो. मला जे वाटत होतं ते आजही वाटतं. बादशहाच्या प्रेमाचं नाटक बादशहाच्या डोळ्यांनी लिहिलं की बाई त्यात फक्त सुंदर असते आणि मरते. मुमताजला १९ वर्षांच्या संसारात १४ मुलं झाली, त्यांतली ७ जगली. वयाच्या ३८ व्या वर्षी, चौदाव्या बाळंतपणात, १७ जून १६३१ ला ती गेली. आणि कुठे गेली? आग्ऱ्यात नाही, दिल्लीत नाही. बऱ्हाणपुरात गेली. मेळघाट उतरला की तापीकाठी जे शहर लागतं, ते. आधी तिला तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलं, सहा महिन्यांनी देह आग्ऱ्याला नेला. विदर्भाच्या कडेवर घडलेलं हे मरण आमच्या वहीत यमुनेच्या काठी झालं होतं.

हे सांगितल्यावर बैठक थोडी सैल झाली. खजिनदाराने एकच अट घातली, कापलेली पानं फाडायची नाहीत. मी त्याच्यासमोर वहीची झेरॉक्स काढून आणली आणि काटछाट त्यावर केली.

काय केलं

पंखा ठेवून दिलेल्या पोराला आम्ही निवेदक केलं. वहीत निवेदक नव्हता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बरोबर निर्णय होता. त्याचं पहिलं निवेदन त्याने आणि मी मिळून लिहिलं. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात मारले गेले, शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले, १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी मोगल सरदार खानजहान लोदीचं बंड मोडायला शहाजहान फौज घेऊन बऱ्हाणपुरात उतरला. त्याच सुमारास गुजरात आणि दख्खनमध्ये महादुष्काळ पडला. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर, म्हणजे अन्नछत्रं, उघडले हेही सांगितलं, आणि फौजा चालतच राहिल्या हेही. देवगडच्या खंडणीचं वाक्य पोराने शेवटच्या निवेदनासाठी राखून ठेवलं. नाटकातला काळ तिथवर पोचत नव्हता, पण ते वाक्य काढा असं कुणी म्हणालं नाही.

सवतीचं विष काढलं. इज्ज-उन-निसाला एक छोटा प्रवेश दिला, ज्यात ती विचारते की माझ्या लग्नाची खलिता-पत्रं आजोबांच्या आणि बादशहाच्या नावाने गेली, त्यात माझं नाव कुठे होतं. हा प्रवेश घाईत लिहिला आणि तो दिसायलाही तसाच दिसला. हात तोडण्याचा प्रसंग मात्र मी हट्टाने काढला. लोकांना तो पाहिजे होता. काकाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भाऊंना नाच सोडायला लावला नाही. त्यांचा दरबार ठेवला, एक नाच ठेवला, बागेतलं द्वंद्वगीत निम्मं केलं. ड्रेपरी आली तेव्हा वेगळाच घोळ निघाला. पेटीत मावळ्यांचे अंगरखे, पेशवाईच्या पगड्या आणि मोगली जामे एकत्र. जाम्याच्या बंदांवरून भाऊ आणि मेकअपवाले यांची वादावादी झाली. मोगल दरबारात मुसलमान सरदार जामा उजव्या काखेत बांधत आणि हिंदू सरदार डाव्या, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या ड्रेपरीतले सगळे जामे डावे. रात्री अकरापर्यंत खजिनदाराच्या घरच्या दोघी बहिणींनी बादशहाच्या जाम्याचे बंद उसवून उजवीकडे लावले. पाहणाऱ्या कुणाच्या ते लक्षात येणार नव्हतं, पण भाऊंना आलं. तालमीत ते सारखे हात उजव्या काखेकडे नेत आणि एकदम ताठ उभे राहत. त्यांचा बादशहा त्या बंदापासून सुरू झाला असं मला वाटतं.

आणि मरणाचा प्रवेश. सुईणीला विचारलं, तुम्ही सांगाल तसं करतो. ती आधी तयार होईना. मग एका दुपारी खजिनदाराच्या ओसरीवर बसून तिने सगळं सांगितलं. रंगमंचाच्या मधोमध धोतराचा पांढरा आडपडदा, मागे एक दिवा. बादशहा पडद्याबाहेर, त्याला आत जाता येत नाही. आत बायांच्या सावल्या, पाण्याचं गुंड, म्हणजे घागर, ठेवल्याचा आवाज, कुजबूज. थोरली मुलगी जहानआरा, तेव्हा १७ वर्षांची, आतबाहेर करते आणि बापाकडे बघत नाही. मुमताजला एकही वाक्य नाही. सुईण म्हणाली, "पोर रडलं का बाई बोलते. नाही बोलली का समजून घ्याचं." प्रवेश त्यावरच उभा केला. आधी बाळ रडतं, गौहर आरा. सगळे थांबतात. आतून कुणी बोलत नाही.

आम्ही हे सगळं ठरवलं तेव्हा कलावंत बाई नागपुरात होत्या. त्यांना कुणी फोन केला नाही. मीही नाही.

प्रयोगाची रात्र

कलावंत बाई प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी चार वाजता आल्या. वही उघडली, चौथा अंक काढला आणि विचारलं, "सर, गाणं कुठाय?" मी सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला आधी का नाही कळवलं? त्या गाण्यावर माझी नाइट ठरली होती. वन्स मोअर येतो, बक्षिसं येतात, तो माझा पैसा आहे." बाहेर मंडपात खुर्च्या लागत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका बाईच्या मरणाला न्याय द्यायचा म्हणून आम्ही दुसऱ्या बाईची कमाई तिला न विचारता कापली होती.

प्रयोग न करता निघून जायचा हक्क त्यांना होता. त्या गेल्या नाहीत. चहा घेतला, सुईणीला बोलावून घेतलं, आडपडद्यामागे कसं बसायचं ते पाहिलं आणि मग त्यांनीच वाट काढली. १६२२ पासून चार वर्षं खुर्रम बापाविरुद्ध बंडात होता, बायकामुलं घेऊन दख्खन, तेलंगण, बंगाल असा फिरत होता. त्या वणवणीचा एक प्रवेश दुसऱ्या अंकात होता. "गाणं तिथे म्हणते. डेऱ्यात लेकरं झोपवताना. चाल तीच, शब्द थोडे बदला." ऑर्गनवाल्यांनी लय उतरवली, मी विंगेत बसून दोन कडवी बदलली. मंडळाने बक्षिसाची कसर भरून द्यायचं ठरवलं आणि तसं लिहून दिलं.

पडदा साडेदहाला उघडला. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मांडलेला मंडप पाहुण्यांनी भरला होता. निवेदकाच्या पहिल्याच वाक्याला मागून टाळी आली. अंगाईला वन्स मोअर मिळाला, बक्षिसं आली पण नेहमीच्या निम्मी. इज्ज-उन-निसाचा प्रवेश पडला. दोनच्या सुमारास मागची पोरं उठायला लागली. शेजारच्या गावी कंपनीचा प्रयोग होता आणि तिथे नाच जास्त होते.

चौथा अंक तीनला लागला. दव पडून आडपडदा ओला झाला होता, त्यामुळे सावल्या अधिकच गडद दिसत होत्या. त्या सहा मिनिटांत मला वाचून द्यायची फक्त चार वाक्यं होती. इतकी शांतता होती की मी पान उलटलं त्याचा आवाज मलाच मोठा वाटला. मागून कुणीतरी शीळ घातली आणि बायांच्या बाजूने लगेच "चूप रे" आलं. बाळ रडलं. मग काही नाही. भाऊंना तिथे "या खुदा" म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. मी दोनदा वाचून दिलं, त्यांना ऐकू आलं होतं, तरी म्हणाले नाहीत. पडद्याच्या कडेला हात लावून उभे राहिले.

बखरकारांनी लिहून ठेवलंय की मुमताजनंतर थोड्याच दिवसांत बादशहाची दाढी पांढरी झाली. पाचव्या अंकाआधी आम्हाला ती पांढरी करायची होती. मेकअपवाल्यांची पांढरी भुकटी संपली होती. समोर बसलेल्या एका बाईच्या घरून तांदळाचं पीठ आलं, ग्लिसरीन लावून ते भाऊंच्या दाढीवर चोळलं. दिव्याखाली ते पिठासारखंच दिसत होतं, पण मंडपात कुणी हललं नाही.

परिणाम

हिशेबात ११,४०० रुपयांचा तोटा आला. निम्मा भाऊंनी उचलला, उरलेला मंडळाने. ड्रेपरीवाल्यांनी बदललेल्या बंदांचे पैसे डिपॉझिटमधून कापले. कलावंत बाईंना कसर भरून दिली, ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा. काकाजींनी प्रयोगानंतरही सांगितलं की हात तोडायचा सीन पाहिजे होता, आणि गावात त्यांच्यासारखं म्हणणारे बरेच आहेत.

ज्या दोघी तालमीतून उठून गेल्या होत्या त्या प्रयोगाला आल्या होत्या आणि शेवटपर्यंत बसल्या. त्यांच्याशी मी काही बोललो नाही, ते माझं काम नव्हतं. निवेदकाला त्याच हंगामात वडशाच्या एका कंपनीने दोन प्रयोगांना बोलावलं.

वेगळं काय करता आलं असतं

कलावंत बाईंचा विषय सर्वांत वर. एक फोन पुरला असता. झाडीपट्टीत बाहेरून येणारी नटी ऐन प्रयोगाच्या दिवशी येते, वही हातात घेते आणि प्रॉम्प्टरच्या भरवशावर रात्र काढते. या रीतीमुळे आपण तिला प्रयोगाचा भाग न धरता भाड्याच्या सामानात धरतो. संहितेत बदल झाला तर तो तिला त्याच दिवशी कळला पाहिजे, आणि बदलाने कमाई घटत असेल तर भरपाई आधी ठरली पाहिजे. शेवटची अडचण त्यांनी सोडवली म्हणून आमची चूक लहान होत नाही.

हात तोडण्याच्या प्रसंगावर मी हट्ट केला तो आज वेगळ्या तऱ्हेने केला असता. तो नुसता काढण्यापेक्षा निवेदकाच्या तोंडी घालून "लोक असं सांगतात, कागद असं सांगत नाहीत" एवढं म्हणता आलं असतं. काकाजींची गोष्ट राहिली असती आणि खरंही राहिलं असतं.

तिसरा अंक सरळ छाटायला हवा होता. पाच अंकी नाटक रात्रभर चालायचं त्या काळी मागच्या पोरांना जायला दुसरं ठिकाण नव्हतं. इज्ज-उन-निसाचा प्रवेश मी पुन्हा लिहायला घेतला आहे. तिला विचारायचा प्रश्न बरोबर आहे, पण तो ती कुणाला विचारते हे मला अजून नीट सापडलेलं नाही.

खर्चाच्या बाबतीत, ड्रेपरी ठरवताना जामे कोणत्या बाजूचे आहेत हे आधी पाहून घेणं शक्य होतं, फक्त कुणी नागपूरला जायला हवं होतं.

प्रयोगानंतर चौथ्या दिवशी मंडळाने सुईणीला लुगडं आणि नारळ दिलं. तिने ते घेतलं, मग मला बाजूला बोलावून म्हणाली, "गुंड खाली होता, गुरुजी. ठेवला तं वाजला. पुढच्या खेपेस पानी भरून ठेवा." खजिनदाराने ते लगेच वहीच्या झेरॉक्सवर, चौथ्या अंकाच्या कडेला, लिहून घेतलं.